दोन भोकांची पट्टी आणि परत येण्याची तारीख

पाय वाकडे म्हणून मूल दाखवायला आणलं की आधी गुडघ्याच्या वाट्या बघायच्या, पाय नंतर. मुलाला उभं करून दोन्ही वाट्या समोर येतील असं वळवायचं. वाट्या समोर आणल्यावरही गुडघे एकमेकांना चिकटत असतील आणि घोटे लांब राहत असतील तर हाडात खरोखर कोन आहे. वाट्या समोर आणल्याबरोबर पाय सरळ दिसू लागले तर तो मांडीच्या हाडातला पीळ. पीळ दोन भोकांच्या पट्टीने, म्हणजे हाडाच्या एका बाजूची वाढ धरून ठेवणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीने, सुटत नाही. गुडघे आत दिसतात म्हणून पट्टी बसवून घेतलेली आणि वर्षभरानंतरही चाल तशीच राहिलेली मुलं बेळगावात आमच्याकडे येतात, ती बहुतेक याच चुकीची.

दुसरी गोष्ट वयाची. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर धनुष्यासारखे असणं, तीन-चार वर्षांत गुडघे आत येणं आणि सातव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखे होणं हा हाडांचा नेहमीचा प्रवास आहे. चार वर्षांच्या मुलाचे गुडघे घासतात म्हणून कुणी पट्टी सांगत असेल तर थांबा, सहा महिन्यांनी परत मोजा. घरी मोजायला शिंप्याची टेप पुरते. मूल भिंतीला पाठ लावून उभं राहील, गुडघे नुसते टेकतील (दाबायचे नाहीत), आणि आतल्या बाजूच्या दोन घोट्यांमधलं अंतर मोजायचं. पाय धनुष्यासारखे असतील तर घोटे जुळवून गुडघ्यांमधलं अंतर. दहाव्या वर्षी घोट्यांमध्ये आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर ते आपोआप जाईल अशी आशा धरू नये. एकाच पायात कोन असेल, दर खेपेला वाढत असेल किंवा मूल खूप बुटकं असेल तर वयाची वाट न बघता तपास करायचा.

नुसत्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन येणारे पालक निम्म्याहून जास्त असतात. खानापूरहून, जांबोटीहून एवढं लांब येऊन पुन्हा फिल्म काढायला सांगणं जिवावर येतं, पण इलाज नसतो. लागते ती उभ्याने काढलेली, खुब्यापासून घोट्यापर्यंतची एकच लांब फिल्म. तिला सगळे स्कॅनोग्राम म्हणतात. वाट्या समोर, दोन्ही पायांवर सारखं वजन, आणि एक पाय आखूड असेल तर त्याखाली तेवढ्या जाडीची फळी. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली की ती गुडघ्याच्या मधून जायला हवी. गुडघे आत असतील तर ती बाहेरच्या बाजूने जाते. मग दोन कोन मोजायचे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा कोन आणि नडगीच्या वरच्या टोकाचा आतला कोन. दोन्ही साधारण ८७ अंश, ८५ ते ९० च्या आत असले की ठीक. जो कोन बिघडलेला, त्याच हाडाला पट्टी. मांडीच्या हाडात दोष असताना नडगीला पट्टी बसवली तर बाहेरून पाय सरळ दिसेल, पण गुडघ्याचा सांधा तिरका राहील. तो तिरकेपणा पुढे आयुष्यभर झिजेचं कारण होतो.

रक्ताची तपासणी टाळू नये. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन. मुडदूस चालू असताना वाढीची चकती (हाडाच्या टोकाजवळचा मऊ थर, जिथून हाड वाढतं) रुंद आणि मऊ असते, तिच्याजवळच्या हाडात स्क्रू धरत नाही. शिवाय साध्या मुडदुसाचे लहान वयातले पाय औषधानेच पुष्कळ सुधारतात. लघवीतून फॉस्फेट फुकट जाणाऱ्या, घराण्यात चालत आलेल्या मुडदुसाची गोष्ट वेगळी, तिथे औषध आणि पट्टी दोन्ही लागतात आणि कोन परत येण्याची शक्यताही जास्त. विजापूर-बागलकोटकडच्या मुलांना आम्ही पिण्याचं पाणी कुठलं, बोअर किती जुनी, दातांवर डाग आहेत का, हेही विचारतो. फ्लोराइड जास्त आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर गुडघे वाकतात, आणि तेच पाणी चालू राहिलं तर सरळ केलेले पुन्हा वाकतात.

शेवटचा प्रश्न, वाढ किती उरली आहे. हा सगळा उपाय मुलाच्या वाढीवर चालतो. पट्टी हाड वाकवत नाही. ती एका बाजूची वाढ धरून ठेवते, दुसरी बाजू पुढे जाते आणि कोन आपोआप सरळ होतो. साधारण मुलींची गुडघ्याजवळची वाढ चौदाव्या वर्षी आणि मुलांची सोळाव्या वर्षी थांबते. निदान एक वर्षाची वाढ हातात हवी. मुलीची पाळी सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर पट्टीला काही करायला उरत नाही, मग हाड कापून सरळ करायचं मोठं ऑपरेशन. आईला हा प्रश्न वडिलांसमोर विचारला तर उत्तर बरोबर मिळत नाही, तो वेगळ्या खोलीत विचारावा.

आता कोणती वस्तू बसवायची. पालकांना पडणारा प्रश्न 'कुठल्या कंपनीची' असा असतो. खरा फरक कंपनीचा नसून जातीचा आहे.

सगळ्यात जुनी ती यू आकाराची खीळ. वॉल्टर ब्लाउंट यांनी १९४९ साली ती मांडली. नडगी आत वाकण्याच्या ज्या आजाराला ब्लाउंटचं नाव आहे, तो याच डॉक्टरांनी १९३७ मध्ये नीट वर्णन केलेला. चकतीच्या वर एक पाय आणि खाली एक पाय अशी ही खीळ ठोकतात, एका बाजूला दोन किंवा तीन. ती ताठ असते. वाढीची ताकद तिला उघडायला बघते, ती उघडत नाही, मग एकतर हळूहळू बाहेर सरकते, नाहीतर कोपऱ्यात वाकते किंवा मोडते. ताठ पकडीमुळे चकती कायमची बंद पडण्याची भीतीही राहते.

दुसरी जात चकतीतून तिरका जाणारा एकच लांब स्क्रू. फ्रान्समध्ये मेतेझो यांनी १९९८ मध्ये तो रूढ केला. एक सेंटिमीटरची चीर, थोडं दुखणं, कमी खर्च. पण हा स्क्रू चकतीला भोक पाडूनच जातो. काढल्यावर वाढ पुन्हा सुरू होते, तरी प्रत्येक मुलात होईलच असं धरून चालता येत नाही. म्हणून ज्यांची वाढ संपत आली आहे, ज्यांना पुढे ती परत सुरू होण्याची गरजच नाही, अशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत आम्हाला तो पटतो. सात वर्षांच्या मुलीत नाही.

तिसरी, आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी, दोन भोकांची पट्टी. अमेरिकेत युटामधल्या पीटर स्टीव्हन्स यांनी तिच्या पहिल्या रुग्णांची मालिका २००७ मध्ये प्रसिद्ध केली. मधे कमरेसारखी बारीक, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, म्हणून एट-प्लेट. पट्टी १२ किंवा १६ मिलिमीटरची, स्क्रू ४.५ मिलिमीटर जाडीचे आणि १६, २४, ३२ मिलिमीटर लांबीचे. एक स्क्रू चकतीच्या वर, एक खाली, चकतीला हात न लावता. स्क्रूचं डोकं पट्टीत थोडं फिरू शकतं. वाढ होते तसे दोन्ही स्क्रू एकमेकांपासून फाकतात, आणि वळण्याची जागा चकतीच्या बाहेर, पट्टीपाशी राहते. खिळीपेक्षा ती चांगली ठरते ती या फिरण्यामुळे.

या फिरण्याकडे दुर्लक्ष झालं की पुढचे घोटाळे सुरू होतात. तयार एट-प्लेट महाग वाटते म्हणून पुष्कळ ठिकाणी ३.५ मिलिमीटरची रिकन्स्ट्रक्शन पट्टी दोन भोकांवर कापून तीच वापरतात. आम्हीही वापरतो, आणि कोन त्याच वेगाने सुटतो. पण दोन अटी पाळाव्या लागतात. कापलेली कड कानशीने घासून गोल करायची, नाहीतर आतल्या बाजूला कातडीखाली ती टोचत राहते आणि मूल गुडघा वाकवत नाही. आणि स्क्रू साधेच हवेत, लॉकिंग नकोत. लॉकिंग स्क्रूचं डोकं पट्टीत आट्यांनी घट्ट बसतं, फिरत नाही, म्हणजे महाग पट्टीची पुन्हा जुनी खीळच झाली. कपाटात लॉकिंग सेट उघडा होता म्हणून तोच लावला असं घडतं. फिल्मवर वर्षानंतरही दोन्ही स्क्रू पहिल्या दिवशीसारखेच समांतर दिसले तर आधी हा संशय घ्यावा.

धातू दोन. टायटॅनियम हलकं, अंगाला मानवणारं, पण हाड त्यावर घट्ट चढतं. दीड-दोन वर्षांनी काढायला गेलं की स्क्रूच्या डोक्याची खाच घासून गुळगुळीत होते. स्टील काढायला सोपं. फक्त पुढे एमआरआय लागला तर त्या जागेचं चित्र बिघडतं, आणि पट्टी काढून टाकायचीच असल्याने तो प्रश्न फार काळ राहत नाही. स्क्रू पोकळ की भरीव, हा निर्णय वजनावर करायचा. पोकळ स्क्रू तारेवरून अचूक बसतो, म्हणून साध्या आत आलेल्या गुडघ्यांत तोच बरा. पण ब्लाउंटच्या आजारातलं मूल बहुधा वजनदार असतं, कोन मोठा असतो, आणि तिथे चकतीच्या खालचा, नडगीतला स्क्रू मोडतो, तोही डोक्यापाशी, जिथे तो हाडात शिरतो. अशा मुलात भरीव स्क्रू, आणि शक्य असेल तर शेजारी शेजारी दोन पट्ट्या किंवा चार भोकांची पट्टी. मोडलेल्या स्क्रूचा आतला तुकडा उकरून काढायच्या मागे सहसा लागू नये. बाजूला नवी पट्टी बसवता येते.

मधे बिजागरी असलेल्या पट्ट्या आणि लवचिक खिळाही मिळतात. आमच्या भागात त्या मागवाव्या लागतात, आणि साध्या पट्टीपेक्षा वेगळं फार काही हाती लागत नाही असं आमचं मत आहे.

ऑपरेशन एका जागेचं अर्ध्या तासाचं. पूर्ण भूल, मांडीला रक्त अडवणारा पट्टा, आणि सीआर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र. गुडघे आत असतील तर आतल्या बाजूने दोन-तीन सेंटिमीटरची चीर. हाडावरचं आवरण जसंच्या तसं ठेवायचं. ते खरवडलं तर चकतीच्या कडेला हाडाचा पूल होऊन वाढ एका बाजूने कायमची अडकते. आधी एक बारीक सुई चकतीत टोचून सीआर्मवर समोरून आणि बाजूनेही बघायचं. समोरून बघून पुढे जाण्याची घाई इथेच महागात पडते. बाजूच्या चित्रात पट्टी हाडाच्या बरोबर मध्यावर हवी. ती पुढे गेली तर काही महिन्यांत गुडघा मागे झुकू लागतो, मागे गेली तर पूर्ण सरळ होत नाही. सुईवरून पट्टी, मग १.६ मिलिमीटरच्या दोन तारा, पहिली सांध्याकडच्या बाजूला. सांध्यात तार गेली नाही ना, हे गुडघा वाकवून पुन्हा बघायचं. ३.२ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरचं कवच, पाचेक मिलिमीटर, उघडायचं. पूर्ण खोल ड्रिल केलं तर लहान मुलाच्या मऊ हाडात स्क्रूला पकड राहत नाही. दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळत न्यायचे, एक आधी पूर्ण आवळला तर पट्टी एका बाजूने उठते. स्क्रू सुरुवातीला समांतर असोत की थोडे फाकलेले, शेवटच्या निकालात फारसा फरक पडत नाही. लांबीत मात्र कंजुषी नको, सांध्याकडच्या तुकड्यात १६ चा स्क्रू मुडदुसाच्या हाडातून उपटून येतो.

दुसऱ्या दिवसापासून मूल पायावर वजन देऊन चालतं. प्लास्टर नाही. मांडीच्या आतल्या स्नायूखाली पट्टी असल्याने गुडघा वाकवायला दोन-तीन आठवडे दुखतं, आणि तेव्हाच वाकवायला लावायचं. जेवायला मांडी घालून बसवा, शौचाला खाली बसू द्या. घाबरून मूल महिनाभर खुर्चीवर बसवून ठेवलं तर गुडघा अडकतो. दोन आठवड्यांनी शाळा, खेळ महिना-दीड महिन्याने.

इथवर सगळं डॉक्टरच्या हातात असतं. पुढचं वर्ष-दीड वर्ष पालकांच्या हातात, आणि बेळगावच्या आसपास बिघाड होतो तो इथे.

वेगाचा हिशेब साधा आहे. मांडीच्या हाडाची खालची चकती वर्षाला नऊ-दहा मिलिमीटर वाढते, नडगीची वरची सहा. गुडघ्यापाशी हाडाची रुंदी सात सेंटिमीटर धरली तर एका बाजूला एक मिलिमीटर वाढ जास्त झाली की कोन सुमारे ०.८ अंशाने बदलतो. म्हणजे मांडीच्या हाडाला वर्षाला सात-आठ अंश, नडगीला पाच. दोन्हीला पट्टी असेल तर महिन्याला एक अंश. सहा-सात वर्षांच्या मुलाचं हाड अरुंद आणि वाढ जोरात, तिथे हाच वेग बराच जास्त. ज्या मुलीचा मांडीच्या हाडाचा कोन ७९ आहे, तिला ८७ वर यायला साधारण एक वर्ष. हा महिना पहिल्याच दिवशी काढायचा आणि पालकांना सांगायचा. दर तीन महिन्यांनी तपासणी, सहा महिन्यांनी लांब फिल्म, आणि अंदाजाचा महिना जवळ आला की तीन महिन्यांच्याही आत.

आणि अंदाजाचा महिना जवळ येतो तेव्हा मुलाचे पाय सुंदर सरळ दिसत असतात. आई फोनवर म्हणते, "पाय सरळ झालेत की वो, आता कशाला यायचं?" पट्टीला पाय सरळ झाल्याचं कळत नाही. ती धरूनच ठेवते. सहा महिने आणखी गेले की आत आलेले गुडघे बाहेर जाऊ लागतात, आणि ते परत आणायला दुसऱ्या बाजूला नवी पट्टी लागते. आमच्या यादीतल्या बिघाडांत मोडलेला स्क्रू मोजका, चुकलेली तारीख पुष्कळ.

तारखा का चुकतात तेही माहीत आहे. ऑक्टोबरनंतर ऊस सुरू होतो, तोडीच्या टोळीबरोबर घर बांधून गेलेलं कुटुंब मार्चपर्यंत परत येत नाही. जुलै-ऑगस्टात कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात लहान मूल घेऊन निघणं अवघड. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा. एप्रिल-मे लग्नं. म्हणून आम्ही तारीख आकड्यात न देता हंगामात देतो, 'ऊस सुरू व्हायच्या आधी', 'शाळा सुटल्या आठवड्यात'. पट्टी बसवायचा दिवसही त्याच हिशेबाने धरतो. काढायची वेळ टोळीच्या दिवसांत येत असेल तर दोन-तीन महिने थांबून बसवणं जास्त शहाणपणाचं, वाढ पुरेशी उरली असेल तर. कार्ड कन्नड-मराठी दोन्हीत लिहायचं, कारण गावातल्या आशाताईंना एक वाचता येते आणि आजीला दुसरी. घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेपने घोट्यांचं अंतर मोजून कॅलेंडरवर लिहायचं. अंतर दोन सेंटिमीटरच्या खाली आलं की तारीख कुठलीही असो, यायचं. हा एक आकडा पालक विसरत नाहीत.

पैशाची बाजू थोडक्यात. सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड आणि सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी जमवा. चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांचं कार्ड महाराष्ट्राचं, त्यांनी निघण्यापूर्वीच फोन करून चौकशी करावी. आणि बसवणं व काढणं ही दोन ऑपरेशनं आहेत. दुसऱ्याचं काय, हे पहिल्याच्या आधी विचारून घ्या.

काढण्याच्या वेळचा मोठा अडथळा हत्याराचा. स्क्रूच्या डोक्याची खाच कुठे षट्कोनी, कुठे चांदणीसारखी, मापंही वेगळी. पट्टी बेळगावात बसवली आणि काढायला कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्यात गेलं तर तिथे त्या मापाचा पाना असेलच असं नाही. चुकीच्या पान्याने खाच एकदा घासली की वीस मिनिटांचं काम दीड तासाचं होतं. प्रत्येक पट्टीच्या पाकिटावर चिकटणारी चिठ्ठी असते, कंपनी, माप, लॉट नंबर. ती डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. पट्टी कापून केलेली असेल तर 'स्टील, ३.५ रिकन, साधे स्क्रू, षट्कोनी' एवढं डॉक्टरांकडून हाताने लिहून घ्या.

कधी काढायची, हेही वयावर. दहाच्या खालच्या मुलात, विशेषतः मुडदूस किंवा ब्लाउंटमध्ये, पट्टी काढल्यावर दाबलेली बाजू जोराने वाढते आणि कोन थोडा परत येतो. म्हणून अशा मुलात पाच अंशांपर्यंत जास्त सरळ होऊ देऊन मग काढतात. चौदाच्या मुलात बरोबर मध्यावर. परत येण्याची खात्रीच वाटत असेल तर काही जण सांध्यापासून दूरचा एकच स्क्रू काढून पट्टी आत ठेवतात, म्हणजे गरज पडली तर एक टाक्याची चीर पुरते. रिकाम्या भोकात हाड शिरून तीच पट्टी वाढ अडवू शकते, तेव्हा हा मार्ग निवडला तर फिल्मा दुप्पट सावधपणे बघाव्या लागतात.

काढल्यानंतर चालणं त्याच दिवशी, धावणं-उड्या सहा आठवड्यांनी, कारण स्क्रूची भोकं भरायला तेवढा वेळ लागतो. सहा महिन्यांनी लांब फिल्म, मग वाढ संपेपर्यंत वर्षाला एक. टेप घरात तशीच राहू द्या. अंतर पुन्हा चार-पाच सेंटिमीटरच्या वर जाऊ लागलं आणि वाढ उरली असेल, तर जुन्या वणातूनच नवी पट्टी बसते. त्या दिवशी येताना सगळ्या जुन्या फिल्मा आणा. नव्या चित्रापेक्षा त्यांच्यावरून आम्हाला पुढचा महिना काढता येतो.